तारायानावर वैद्य किती हवेत?

ताऱ्यांकडे झेपावणाऱ्या यानाची कथा आजच्या मुलामुलींना नवी राहिलेली नाही. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि पुस्तके यांच्या द्वारे असली याने घरोघरी पोचली आहेत. यानाचा वेग किती, त्यावरील शस्त्रे कोणती, त्याचा कप्तान किती शूर, यावर मधल्या सुट्टीत मोठमोठे वाद रंगतात. परंतु त्या यानावर कोणाला ताप भरला, कोणाची दाढ ठणकू लागली किंवा यंत्रात सापडून कोणाचे बोट चिरडले, तर त्याच्याकडे पाहणार कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. जे यान अस्तित्वातच नाही, त्यावरील दवाखान्याची चिंता हुबळी-धारवाडच्या लोकांनी कशाला वाहावी, असेही कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र निराळे आहे. माणूस घरापासून अतिशय दूर गेला म्हणजे त्याच्या शुश्रूषेचे काय होते, हा प्रश्न पुरातन आहे, खरा आहे, आणि तो आपल्या फार जवळचाही आहे.

प्रथम त्या कल्पित यानाकडेच पाहू. ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्या परंपरेतील ‘व्हॉयेजर’ ही मालिका १९९५ ते २००१ या काळात दाखविली गेली. या कथेतील यान एका अनपेक्षित संकटामुळे सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. सर्वाधिक वेगाने निघाले तरी परतावयास पंचाहत्तर वर्षे लागावीत, इतके हे अंतर. यानावर सुमारे दीडशे माणसे, आणि पहिल्याच आघातात यानाचा वैद्य आणि परिचारिका दोघेही मृत्युमुखी पडतात. मागे उरतो तो प्रकाशाच्या किरणांतून निर्माण होणारा एक यंत्र-वैद्य. त्याला वैद्यकशास्त्र सगळे पाठ; परंतु तो घडविला होता तो केवळ अल्पकाळच्या अडचणीसाठी. त्याला साधे नावही दिलेले नव्हते. आरंभी तर तो रुग्णालयाच्या खोलीबाहेर पाऊल टाकू शकत नव्हता, आणि काम आटोपून निघून जाताना लोक त्याला बंद करावयासही विसरत. अशा वैद्याच्या हाती दीडशे जीव सोपवून ते यान परतीच्या वाटेला लागते.

कथा कल्पित असली तरी तीत एक व्यवहारज्ञान आहे. त्या यानावरील औषधे संपलेली नव्हती, उपकरणे मोडलेली नव्हती आणि वैद्यकाचे ज्ञानही नष्ट झालेले नव्हते. नाहीशी झाली होती ती माणसे. म्हणूनच पुढे काय होते, तर यानावर नव्याने आलेली एक तरुणी त्या यंत्र-वैद्याची शिष्या होते, आणि यान हाकणाऱ्या चालकालाही उपचारांचे शिक्षण घ्यावे लागते. मोठमोठ्या यंत्रांनी सजलेल्या यानालाही अखेर दोन माणसांना हाताशी धरून शिकवावेच लागले.

आपल्याकडील जुन्या वैद्यांना हे पुरते ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. चौरंगाचा एक पाय काढला तर जी गत होते, तीच यांतील एक पाद नसलेल्या चिकित्सेची. विशेष हे की, परिचारकाला येथे वैद्याचा हरकाम्या मानलेले नाही. त्याची स्वतंत्र गणना करून त्याचे चार गुणही सांगितले आहेत. त्याला शुश्रूषेचे ज्ञान असावे, त्याचा हात कुशल असावा, रोग्याविषयी त्याला ममता असावी आणि तो शुचिर्भूत असावा. आजच्या कोणत्याही रुग्णालयाने परिचर्येच्या नेमणुकीसाठी हीच यादी वापरावी, इतकी ती अचूक आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, अंतराळातील वैद्यकीचा विचार करताना औषधद्रव्याचा आणि यंत्रांचा विचार भरपूर होतो, वैद्याचा थोडाफार होतो, पण चिकित्सेचा हा तिसरा पाय नेहमी आखूड राहतो.

आता कल्पनेतून वास्तवात येऊ. अंतराळात गेलेला पहिला वैद्य म्हणजे सोव्हिएत रशियाचा बोरिस येगोरोव्ह. तो १२ ऑक्टोबर १९६४ रोजी ‘वोस्खोद-१’ या यानातून गेला व दुसऱ्याच दिवशी परतला. १९७३ साली अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकात जोसेफ केर्विन हा वैद्य राहिला. रशियाच्या व्हालेरी पोल्याकोव्ह या वैद्याने तर जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे सलग ४३७ दिवस ‘मीर’ स्थानकावर काढून एका दमात सर्वाधिक काळ अंतराळात राहण्याचा विक्रम केला. तथापि ही अपवादाची उदाहरणे होत. एरवी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर वैद्य असेलच असे नाही. तेथील एखाद्या वैमानिकाला किंवा अभियंत्याला सुमारे चाळीस तासांचे वैद्यकीय शिक्षण देऊन ती जबाबदारी त्याच्यावर सोपविली जाते. टाके घालणे, सुई टोचणे, दात उपटणे, बंद पडलेले हृदय चालू करण्याचा यत्न करणे, हे सारे त्याने त्या चाळीस तासांत शिकावयाचे.

एवढ्यावर आजवर निभावले, याचे कारण पृथ्वीची जवळीक. ते स्थानक आपल्या डोक्यावर अवघ्या चारशे किलोमीटरवर फिरते. म्हणजे अंतरच मोजावयाचे तर हुबळीहून बंगळूर जितके लांब, जवळजवळ तितकेच. १९८५ मध्ये ‘साल्युत-७’ या रशियन स्थानकावर व्लादिमीर वास्यूतिन हा अंतराळवीर आजारी पडला, तेव्हा मोहीम अर्ध्यावर सोडून त्याला खाली आणता आले. अलीकडची आणखी एक हकीकत वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाली. स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळली. ती सापडली तीही एका संशोधनासाठी ध्वनिलहरींची तपासणी चालू असताना, योगायोगाने. खालच्या तज्ज्ञांनी सल्ला दिला. स्थानकाच्या औषधपेटीत रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या मोजक्या कुप्या होत्या, त्या जपून जपून पुरविल्या. पुढे मालवाहू यानातून गोळ्या पाठविल्या. रुग्ण स्वतःच आपली तपासणी करी आणि चित्र पृथ्वीवर पाही तज्ज्ञ. गोष्ट गोड झाली. परंतु यातील प्रत्येक पायरीला पृथ्वीचा हात लागलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

हा हात सुटला म्हणजे काय? मंगळाकडे जाणाऱ्या यानाला जावयासच सहा ते नऊ महिने लागतील, आणि वाटेत उलटे फिरता येणार नाही. तेथून धाडलेला संदेश पृथ्वीवर पोचावयास, ग्रहांच्या स्थितीप्रमाणे, तीनपासून बावीस मिनिटे लागतात. ‘याचे हृदय थांबले आहे, काय करू?’ असा प्रश्न धाडून उत्तर यावयास पाऊण तासही जाईल. आणि रक्तपुरवठा थांबला की मेंदूला अपाय होऊ लागतो तो चार ते सहा मिनिटांत! ही झाली आपल्या शेजारच्या ग्रहाची गोष्ट. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून वैद्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी मिळेल. तोवर रोगी बरा तरी झालेला असेल, नाही तर कथाशेष तरी. अर्थात तारायानाला पृथ्वीवरचा वैद्य निरुपयोगी. जे आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही; जे यानात नाही ते रुग्णाला मिळणार नाही.

शिवाय अंतराळात रोग्याची सेवा पृथ्वीवरच्यापेक्षा कठीण आहे. तेथे माणसाचे शरीरच निराळे वागू लागते. पायांकडचे रक्त डोक्याकडे सरकते आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. पहिले काही दिवस अनेकांना मळमळते, उलट्या होतात. हाडांवर भार पडत नसल्याने कमरेचे हाड महिन्याला सुमारे एक टक्का झिजते. म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करणे भाग पडते. शिरेतून सलाइन द्यावयाचे म्हटले तर ते आपणहून खाली ठिबकत नाही, कारण तेथे ‘खाली’ अशी दिशाच नाही. त्याला पंप लावावा लागतो आणि त्यातील हवेचे बुडबुडे वर न जाता द्रवातच राहतात. बंद पडलेले हृदय दाबावयास गेले तर दाबणाराच मागे फेकला जातो, म्हणून रुग्णाला आधी पट्ट्यांनी बांधून घ्यावे लागते. सांडलेला रक्ताचा थेंब जमिनीवर पडत नाही, तो खोलीभर तरंगत जातो. ही सारी कामे वैद्याने एकट्याने करावयाची ठरविली, तर त्याला दोन नव्हे, चार हात हवेत.

यासाठी थोडे अंकगणित करून पाहू. अत्यवस्थ रोग्यापाशी चोवीस तास कोणीतरी जागे असावेच लागते. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर एका रोग्याला तीन माणसे झाली. चार जणांच्या यानात एकाने अंथरूण धरले आणि उरलेले तिघे पाळीपाळीने त्याच्यापाशी बसले, तर यान हाकावयाचे कोणी, आणि झोपावयाचे कोणी? दीडशे माणसांच्या यानाचा हिशेब करू. रुग्णालयात प्रत्येक पाळीला दोन परिचारक म्हटले, तर तीन पाळ्यांना सहा. त्यांतील कोणी स्वतः आजारी पडेल, कोणाला विश्रांती हवी, म्हणून आणखी दोन. असे आठ झाले. वैद्य दोन तरी हवेतच, आणि त्यांतील एक शस्त्रक्रिया करणारा असावा. ही संख्या पाहून कोणी म्हणेल, ‘ही चैन झाली!’ परंतु पंचाहत्तर वर्षांच्या प्रवासात तान्ही मुले जन्मतील आणि तरुण म्हातारे होतील. म्हणजे आपण ज्याला यान म्हणतो, ते वस्तुतः एक गावच आहे. आणि गावाला सुईणही लागते व म्हाताऱ्याला आधार देणारा हातही लागतो.

वैद्य दोन का, एक का नाही, असे विचाराल तर त्याचे उत्तर दक्षिण ध्रुवाकडील बर्फात लिहिले गेले आहे. अंटार्क्टिका खंडावरील नोव्होलाझारेव्हस्काया या रशियन केंद्रात १९६१ च्या हिवाळ्यात तेरा माणसे राहत होती. त्यांत वैद्य एकच, लिओनिद रोगोझोव्ह, वय अवघे २७. एप्रिलच्या अखेरीस त्यालाच आंत्रपुच्छाचा दाह सुरू झाला. वादळामुळे विमान येणे अशक्य, मदतीला येऊ शकेल असा दुसरा वैद्य नाही. तेव्हा त्याने भूल देणारे औषध पोटाच्या कातडीखाली टोचून घेतले, वाहनचालकाच्या व हवामानतज्ज्ञाच्या मदतीने, आरशात पाहत, बरेचसे केवळ स्पर्शाने चाचपत, स्वतःचे पोट स्वतः कापून शस्त्रक्रिया केली! पावणेदोन तास हे चालले होते. पुढे दोनेक आठवड्यांत तो कामावरही रुजू झाला. या धैर्यापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. परंतु शाळेत ही गोष्ट सांगताना आपण शौर्यावरच थांबतो, हे बरे नव्हे. एका माणसाला असे शौर्य गाजवावे लागले, याचाच अर्थ व्यवस्थेत एक माणूस कमी पडला होता. त्या चालकाने आणि हवामानतज्ज्ञाने उपकरणे हातात दिली नसती, आरसा धरला नसता, तर रोगोझोव्हचे कौशल्य त्याच्याच उपयोगी पडले नसते. तेथेही तिसरा पायच कामी आला.

ही हकीकत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. त्या रशियन केंद्रापासून थोड्याच किलोमीटरवर भारताचे ‘मैत्री’ केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका-मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आणि आजही या मोहिमांची आखणी करणारी संस्था गोव्यातच, वास्को येथे आहे. लोंढ्यावरून वास्कोला जाणारी गाडी आपल्या ओळखीचीच आहे. या शाळेतील कित्येक कुटुंबांची कुलदैवते त्याच वाटेवर आहेत. म्हणजे महिनोन् महिने जगापासून तुटलेल्या जागी माणसांची प्रकृती कशी राखावी, हे जाणणारे लोक आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. तारायानाचे बोलणे चालले असता हे ध्यानात ठेवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत. क्षणात रोगाचे निदान सांगणारे संगणक आले आहेत, शस्त्रक्रियेत साहाय्य करणारे यांत्रिक हातही आले आहेत. मग ज्या यानात एकेक किलो वजन मोजून मापून न्यावे लागते, त्यात निव्वळ आजाऱ्याची वाट पाहत बसणारी माणसे का न्यावीत? याला आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, यंत्र निदान करील, पण ओकारी पुसणार नाही. रात्री तीन वाजता भेदरलेल्या माणसाचा हात धरावयास दुसरा हातच लागतो. दुसरे असे की, वैद्य किंवा परिचारक निव्वळ वाट पाहत बसतो, ही समजूतच चुकीची आहे. ‘स्कायलॅब’चे सौरपंख उघडत नव्हते, तेव्हा ते मोकळे करण्यासाठी जून १९७३ मध्ये कप्तानाबरोबर यानाबाहेर गेला तो वैद्य केर्विनच. दूरच्या प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला दोन विद्या याव्यात, आणि त्यांतील एक शुश्रूषेची असावी, हा आमचा आग्रह आहे. वैद्याने पाना धरावा आणि चालकाने पट्टी बांधावी.

शिकविण्याचा हा मुद्दा निघाला म्हणजे सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होते. येथून गदग-विजापूरमार्गे रेल्वेने सोलापूर गाठता येते. तेथील हे सुपुत्र १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धाने होरपळलेल्या चीनमध्ये गेले. बरोबरचे चौघे यथाकाळ परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तीतूनच ते विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले, एका रुग्णालयाचे प्रमुखही झाले. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. कोटणीसांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, हे मोठेच. परंतु त्यांनी मागे शिकलेली माणसे ठेवली, हे आमच्या मते त्याहून मोठे. एकटा वैद्य गेला की त्याची विद्या जाते. शिष्य असलेला वैद्य गेला तरी ती उरते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या उदाहरणात आहे, ती भाषेची. प्रस्तुत लेखकाच्या घरी कोंकणी बोलली जाते, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड. एरवी या तिन्ही भाषांत आमची धाव सारखीच. परंतु दुखणे आले की तोंडून निघते ते ‘पोटांत दुखता’ असेच. वेदनेला मातृभाषाच सुचते. अंतराळस्थानकावर इंग्रजी आणि रशियन चालतात. उद्याच्या यानात जगातील नाना देशांची माणसे असतील. त्यांच्यातील एखादा तापाच्या भरात आपल्या भाषेत बरळू लागला, तर तो काय म्हणतो हे समजणारे कोणी तरी हवे. बहुभाषी गावात वाढलेल्या मुलांनी आपल्या या शिदोरीला कमी लेखू नये.

आता, तारायान प्रत्यक्षात येईल तेव्हा येवो; पण वैद्य दूर आहे आणि रोगी येथे आहे, ही अडचण आपल्या देशाने जमिनीवर केव्हाच भोगली आहे. मैदानी प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे आपले सरकारी प्रमाण आहे. त्या केंद्रापर्यंत पोचावयास ओढा आडवा आला, बस चुकली किंवा वाहनच मिळाले नाही, तर गावकऱ्याला तालुक्याचा वैद्यही दूरच्या ताऱ्याइतकाच दुर्लभ. या अडचणीवर महाराष्ट्रात दोन ठिकाणी जे उत्तर शोधले गेले, ते जगाने अभ्यासले. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर) जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना, ज्यांत कित्येक निरक्षर होत्या, आरोग्याचे शिक्षण देऊन गावोगाव उभे केले. गडचिरोलीत डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून वेळीच औषध देणे, हे सारे त्या करू लागल्या. ३९ गावांतील या कामाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानुसार तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. या गावांत नवी रुग्णालये उठली नव्हती की मोठी यंत्रे आली नव्हती. गावातच राहणाऱ्या माणसांच्या हातांत विद्या आली होती, इतकेच. तारायानावरील रुग्णालयाचा नकाशा काढणाऱ्यांनी प्रथम गडचिरोलीस जावे, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

आपल्या धारवाडानेही या प्रवासात आपला वाटा उचललेला आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला हे भारतीय अंतराळवीर आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी तेथे मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचा प्रयोग केला. तो धारवाडच्या कृषी विद्यापीठाने धारवाडच्याच आय. आय. टी. च्या सहकार्याने आखला होता. दूरच्या प्रवासात साठविलेल्या अन्नातील जीवनसत्त्वे हळूहळू कमी होत जातात. अशा वेळी मूठभर ताजे मोड हे अन्नही आहे आणि औषधही. चरकाच्या भाषेत, चिकित्सेच्या दुसऱ्या पायाला, म्हणजे द्रव्याला, आपल्या गावाने हातभार लावला. शुक्लांना उड्डाणापूर्वी सुमारे एक महिना इतरांपासून अलग ठेवले होते, हेही मुलांनी लक्षात घ्यावे. यानात औषध नेण्याआधी यानात रोग जाऊ नये, हे पाहणे शहाणपणाचे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला अंतराळात पाणी मिळत नाही.

गगनयान मोहिमेसाठी ज्या चौघांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, ते सर्व वायुदलाचे वैमानिक आहेत. पहिल्या उड्डाणांसाठी ते योग्यच. परंतु २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचे भारताने ठरविले आहे. ते उभे राहील तेव्हा त्यात एक वैद्य आणि एक परिचर्या जाणणारी व्यक्ती आरंभापासून असावी, ‘जागा उरली तर’ म्हणून नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०३५ साली आज सातवी-आठवीत असलेली मुले ऐन पंचविशीच्या आत-बाहेर असतील. म्हणजे ही चर्चा परक्या कोणाची नसून याच पानांच्या वाचकांची आहे.

आणि येथेच एक बोचणारी गोष्ट सांगावीशी वाटते. एकदा नववीच्या वर्गाला ‘मी अंतराळयानात गेलो तर’ हा निबंध लिहावयास दिला होता. बहुतेक मुले कप्तान झाली, काही शास्त्रज्ञ झाली, दोघी-तिघी डॉक्टर झाल्या. परिचारक किंवा परिचारिका एकही झाले नाही. यात मुलांचा दोष नाही. घरात जी स्वप्ने बोलली जातात, तीच वहीत उतरतात. मुलगी डॉक्टर होणार म्हटले की पेढे वाटणारे आपण, ती परिचारिका होणार म्हटले की दोन क्षण गप्प बसतो; आणि मुलाने ते म्हटले तर हसतो. पण आपल्यातील कोणाची आई किंवा आजी हुबळीच्या मोठ्या इस्पितळात आठवडाभर खाटेवर पडली असेल, तर त्यांनी आठवावे: डॉक्टर दिवसातून किती मिनिटे खाटेपाशी होते, आणि रात्रभर सलाइनकडे लक्ष कोणाचे होते? पालकहो, ज्या कामावाचून आपले माणूस वाचत नाही, त्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार आपणास कोठून मिळाला?

शेवटी आपल्या स्वतःच्या यानाविषयी. शाळा हेही एक यानच आहे. सकाळी घंटा झाली की शेकडो मुले त्यात बसतात आणि सायंकाळपर्यंत ती घरापासून दूर असतात. प्रत्येक शाळेत प्रथमोपचाराची पेटी असते. ती कोठे आहे, तिची किल्ली कोणाकडे आहे, तीतील औषधांची मुदत केव्हा संपते, आणि मुख्य म्हणजे ती उघडल्यावर काय करावयाचे, हे किती जणांना ठाऊक आहे? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. भाजले तर त्यावर शाई वा दंतमंजन न फासता थंड वाहते पाणी सोडावे. साप चावला तर चिरा न देता, आवळून न बांधता, माणसाला स्थिर ठेवून तत्काळ इस्पितळात न्यावे. कोणी कोसळला तर एकाने १०८ क्रमांकाला हाक द्यावी आणि दुसऱ्याने त्याच्यापाशी थांबावे. एवढे शिकावयास चाळीस तासही नकोत. आमची सूचना अशी की, येत्या वर्षापासून आठवीच्या पुढील प्रत्येक वर्गातून एक मुलगा व एक मुलगी निवडून त्यांना प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण द्यावे, आणि त्यांनी ते वर्षभरात उरलेल्या वर्गाला द्यावे. वर्गनायकाला जसा मान असतो, तसाच या दोघांना असावा. ‘सेंट जॉन अॅम्ब्युलन्स’सारख्या संस्था असे शिक्षण देतात; नगरातील डॉक्टर पालकही दोन शनिवार खचित देतील.

तारायान बांधणे आपल्या हाती नाही. पण त्यावर बसण्यास लायक माणसे घडविणे शाळेच्या हाती आहे. ज्याला शेजारच्या बाकावरील मुलाच्या गुडघ्याला नीट पट्टी बांधता येते, त्याने दूरच्या प्रवासाची अर्धी तयारी केली, असे आम्ही समजतो.